इलिया मेच्निकॉफ : शरीरांतील पहारेकऱ्यांचा शोधक

पायांत कांटा रुतला आणि तो वेळेवर काढला नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं ती जागा लाल होते, सुजते, ठणकूं लागते आणि पुढें तेथें पू धरतो. हा अनुभव ज्याला नाहीं असा मनुष्य विरळा. पू म्हणजे शरीरांतील घाण, ती जितकी लवकर निघून जाईल तितकें बरें, एवढाच विचार करून आपण ती गोष्ट विसरून जातों. परंतु हा पू येतो कोठून, तो कशाचा बनलेला असतो, आणि लाली, उष्णता, सूज व वेदना हीं चार लक्षणें नेमकीं कांट्याच्या भोंवतींच कां प्रगट होतात, असा प्रश्न ज्यानें मनापासून विचारला व त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं आयुष्याचीं चौतीस वर्षें वेंचलीं, त्या थोर शास्त्रज्ञाचें चरित्र येथें संक्षेपानें सांगण्याचें योजिलें आहे. त्याचें नांव इलिया मेच्निकॉफ.

मेच्निकॉफ यांचा जन्म इ. स. १८४५ च्या मे महिन्यांत झाला. त्या वेळीं रशियन साम्राज्यांत असलेलें आणि आज युक्रेन देशांत मोडणारें खारकीव्ह नांवाचें शहर आहे. त्याच्या परिसरांतील एका खेड्यांत हें कुटुंब राहत असे. वडील बादशहाच्या रक्षक सैन्यांत अधिकारी होते. पांच भावंडांत इलिया सर्वांत धाकटा. वडील भावाला शिकविण्यासाठीं जो शिक्षक ठेविला होता त्याला वनस्पतिशास्त्राची आवड होती. त्या शिक्षकाबरोबर रानांत हिंडतां हिंडतां या चंचल मुलाला झाडांपानांचें व किड्यामुंग्यांचें असें वेड लागलें कीं, आठव्या वर्षाच्या सुमारासच तो आपल्या भावंडांना व शेजारच्या मुलांना जमवून वनस्पतींवर व्याख्यानें देऊं लागला. श्रोते टिकत नसत, म्हणून हा बालवक्ता खाऊच्या पैशांतून त्यांना ऐकण्याबद्दल मोबदला देत असे! पुढें वैद्यकी शिकावी असा विचार त्याच्या मनांत आला. परंतु मुलाचें मन अति कोमल आहे, रोग्यांचें दुःख त्याच्यानें पाहवणार नाहीं, असें जाणून आईनें त्याला सृष्टिशास्त्राकडे वळविलें. म्हणून मेच्निकॉफ डॉक्टर झाले नाहींत. ते प्राणिशास्त्रज्ञ झाले. रोगांच्या इतिहासांत या साध्या गोष्टीला केवढें महत्त्व आलें तें पुढें दिसून येईल.

खारकीव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनीं दोनच वर्षांत पुरा केला आणि पुढील शिक्षणासाठीं ते जर्मनी व इटली या देशांत गेले. समुद्रांतील क्षुद्र प्राण्यांची वाढ अंड्यापासून कशी होते हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. गीसेन येथें असतांना इ. स. १८६५ मध्यें एका चपट्या कृमीचें निरीक्षण करीत असतां त्यांना असें आढळलें कीं, या प्राण्याच्या आंतड्यांतील पेशी अन्नाचे कण स्वतःच्या पोटांत ओढून घेतात व तेथेंच ते पचवितात. ही गोष्ट त्यांनीं टिपून ठेविली. पुढें सतरा वर्षांनीं तिचा उपयोग व्हावयाचा होता. नेपल्स येथें कॉव्हालेव्हस्की या मित्राबरोबर केलेल्या संशोधनाबद्दल त्यांना पारितोषिक मिळालें, आणि इ. स. १८७० मध्यें, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, ते ओडेसा येथील विद्यापीठांत प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

विद्येच्या क्षेत्रांत असा उत्कर्ष होत असतांना घरांत मात्र रोगानें ठाण मांडलें होतें. इ. स. १८६९ मध्यें ल्युडमिला नांवाच्या तरुणीशीं त्यांचा विवाह झाला. तिला क्षयाची बाधा झालेली होती, आणि ती इतकी अशक्त होती कीं विवाहासाठीं तिला खुर्चींत बसवून देवळांत न्यावें लागलें. पुढें चार वर्षें मेच्निकॉफ यांनीं तिच्यासाठीं उष्ण हवेचीं ठिकाणें शोधलीं, तिची शुश्रूषा केली, खर्चासाठीं रात्रंदिवस काम केलें, परंतु इ. स. १८७३ मध्यें मादेरा बेटावर तिचें देहावसान झालें. मेच्निकॉफ यांची दृष्टि त्या सुमारास बिघडली होती, सूक्ष्मदर्शकावर काम करणें अशक्य झालें होतें. शोकानें व निराशेनें ग्रासून त्यांनीं आपलें जीवित संपविण्याचा यत्न केला. सुदैवानें तो फसला. त्याच काळांत एका रात्रीं पुलावरील दिव्याभोंवतीं घिरट्या घालणारा किटकांचा थवा त्यांच्या दृष्टीस पडला. इतकें अल्प आयुष्य लाभलेल्या या जिवांची निवड निसर्ग कोणत्या नियमानें करीत असेल, असा विचार त्यांच्या मनांत आला, आणि त्या एका प्रश्नाच्या आधारानें ते पुन्हां कामाकडे वळले.

इ. स. १८७५ मध्यें त्यांनीं ओल्गा नांवाच्या सुविद्य तरुणीशीं दुसरा विवाह केला. इ. स. १८८० मध्यें तिला विषमज्वर होऊन ती मरणाच्या दारीं पोंचली. विद्यापीठांतील कलहानें आधींच थकलेल्या मेच्निकॉफ यांचा धीर पुन्हां एकदां सुटला. उलटून येणाऱ्या तापाचे जंतु असलेलें रक्त त्यांनीं स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतलें. हा ताप रक्तावाटें दुसऱ्यास लागतो कीं नाहीं हें कळावें, आणि मरण आल्यास तें शास्त्राच्या कामीं यावें, असा त्यांत दुहेरी हेतु होता. ते फार आजारी पडले, परंतु वांचले, ओल्गाही वांचली. याच सुमारास त्यांचा वडील भाऊ इव्हान हा मात्र आजारानें मरण पावला. टॉलस्टॉय यांच्या इव्हान इलिच या प्रसिद्ध कथेला त्याच्याच मृत्यूचा आधार आहे. एकच रोग एकाला नेतो व दुसऱ्याला सोडतो, असें कां व्हावें? हा प्रश्न मेच्निकॉफ यांच्यापुढें पुस्तकांतून आला नव्हता. तो त्यांच्या घरांतच उभा राहिला होता.

इ. स. १८८१ मध्यें झार दुसरा अलेक्झांडर याचा वध झाल्यावर विद्यापीठांतील वातावरण अधिकच कलुषित झालें. शेवटीं इ. स. १८८२ मध्यें मेच्निकॉफ यांनीं आपल्या पदाचा राजीनामा दिला आणि पत्नी व तिचीं धाकटीं भावंडें यांसह ते सिसिली बेटावरील मेसीना या बंदराच्या गांवीं जाऊन राहिले. समुद्रकांठच्या घरांतील दिवाणखाना हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. डिसेंबर महिन्यांत एके दिवशीं घरचीं सर्व मंडळी सर्कशींतील माकडांचे खेळ पाहण्यास गेलीं असतां मेच्निकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकापाशीं बसले होते. कांचेवर तारामाशाचें पिलूं होतें. हें पिलूं कांचेसारखें पारदर्शक असल्यामुळें त्याच्या शरीरांत काय चाललें आहे तें जिवंतपणींच दिसतें. त्याच्या अंगांत इकडून तिकडे सरपटत फिरणाऱ्या पेशी ते पाहत होते. एकाएकीं त्यांच्या मनांत असें आलें कीं, ज्या अर्थीं या पेशी बाहेरचे कण गिळूं शकतात, त्या अर्थीं शरीरांत घुसलेल्या शत्रूपासून प्राण्याचें रक्षण करण्याचें काम त्यांच्याकडेच असलें पाहिजे.

हा तर्क खरा असेल तर त्याची कसोटी सोपी होती. तारामाशाच्या पिलाला रक्तवाहिन्या नाहींत. तरीही त्याच्या अंगांत कांटा टोंचल्यास, मनुष्याच्या बोटांत रुतलेल्या कुसळाभोंवतीं पू जमतो तशा या फिरत्या पेशी कांट्याभोंवतीं जमल्या पाहिजेत. नाताळ जवळ आल्यामुळें मुलांसाठीं बागेंत एक लहानसें झाड सजविलेलें होतें. तेथील गुलाबाचे बारीक कांटे आणून त्यांनीं ते पिलांच्या नाजूक त्वचेखालीं खुपसले. त्या रात्रीं त्यांना झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटेच त्यांनीं सूक्ष्मदर्शकाला डोळा लाविला. आणि पाहतात तों काय, कांट्याच्या भोंवतीं फिरत्या पेशींचा दाट वेढा पडलेला! ज्या प्राण्याला रक्त नाहीं, हृदय नाहीं, त्याच्या देहांतही पहारेकरी होते, आणि बोलावणें पोंचतांच ते धांवून आले होते.

या शोधाचें महत्त्व ध्यानांत येण्यासाठीं त्या काळच्या वैद्यांची समजूत काय होती हें पाहिलें पाहिजे. जखमेच्या पुवांत रक्तांतील पांढऱ्या पेशी असतात, आणि कित्येकदां त्यांच्या पोटांत जंतु दिसतात, हें डॉक्टरांना ठाऊक होतें. परंतु या पेशी जंतूंना आश्रय देतात व शरीरभर त्यांचा प्रसार करितात, असा त्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढला जात असे. म्हणजे पहारेकऱ्यालाच चोराचा साथीदार ठरविलें गेलें होतें. मेच्निकॉफ यांनीं क्षुद्र प्राण्यांच्या पेशी अन्न गिळून पचवितांना पाहिल्या होत्या. म्हणून पेशीच्या पोटांतील जंतु हा तिचा पाहुणा नसून तिचें भक्ष्य आहे, हें त्यांच्या तत्काळ लक्षांत आलें. जी गोष्ट डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असून दिसली नाहीं, ती प्राणिशास्त्रज्ञाला दिसली. मेसीना येथें त्या वेळीं आलेले प्रख्यात जर्मन पंडित फिर्खो यांनीं ते प्रयोग पाहून त्यांना उत्तेजन दिलें, आणि व्हिएन्ना येथील प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस यांनीं या पेशींसाठीं ग्रीक भाषेंतून फॅगोसाईट हें नांव सुचविलें. आपण त्यांना भक्षकपेशी म्हणूं.

परंतु कांटा म्हणजे कांहीं रोग नव्हे. भक्षकपेशी खऱ्या रोगाशीं झुंजतात हें सिद्ध व्हावयास पाहिजे होतें. तें काम पाण्यांतील पिसवेसारख्या एका सूक्ष्म व पारदर्शक जिवानें करून दिलें. या जिवाला एका बुरशीची बाधा होते. बुरशीचीं सुईसारखीं टोंकदार बीजें अन्नाबरोबर पोटांत जातात व आंतड्यांची भिंत भेदून शरीराच्या पोकळींत शिरतात. तेथें भक्षकपेशी त्यांच्यावर तुटून पडतात, त्यांना वेढतात व विरघळवून टाकतात. पेशींची सरशी झाली तर प्राणी जगतो. बीजें फार असलीं किंवा त्यांतील कांहीं निसटून रुजलीं, तर बुरशी सर्व शरीरभर माजते व प्राणी मरतो. रोग म्हणजे जंतु व पेशी यांचें युद्ध आहे, आणि बरें होणें म्हणजे त्या युद्धांतील जय आहे, हें मेच्निकॉफ यांनीं इ. स. १८८४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या या निरीक्षणानें प्रत्यक्ष दाखवून दिलें. शरीराला हातपाय गाळून रोगाच्या स्वाधीन व्हावें लागत नाहीं. प्रतिकाराची योजना त्याच्या अंगांत जन्मापासूनच असते. दोनदां जीविताला कंटाळलेल्या या मनुष्याला या सत्यानें नवें बळ दिलें, आणि त्यानंतरच्या आयुष्यांत पूर्वींची निराशा पुन्हां त्यांच्या वाट्यास आली नाहीं.

पाश्चर यांनीं पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर लस शोधून काढल्यावर इ. स. १८८६ मध्यें ओडेसा येथें एक जंतुशास्त्रीय संस्था स्थापन झाली व मेच्निकॉफ तिचे संचालक झाले. परंतु ते डॉक्टर नसल्यामुळें स्थानिक वैद्यांना त्यांचा अधिकार मान्य होईना. त्यांतच संस्थेंत तयार केलेली काळपुळीवरील लस टोंचल्यावर पुष्कळ मेंढ्या दगावल्या आणि विरोध वाढला. बर्लिन येथें कॉख यांना आपले नमुने दाखविण्यासाठीं ते गेले असतां तेथेंही त्यांचें स्वागत थंडपणेंच झालें. उलट पॅरिस येथें वृद्ध पाश्चर यांनीं त्यांना आपुलकीनें जवळ केलें. मेच्निकॉफ यांनीं केवळ काम करण्यापुरती जागा मागितली होती. पाश्चर यांनीं इ. स. १८८८ मध्यें नव्यानें उघडलेल्या आपल्या संस्थेंत त्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा दिली. तेथेंच मेच्निकॉफ यांनीं उरलेलीं अठ्ठावीस वर्षें घालविलीं.

या प्रयोगशाळेचा आपल्या महाराष्ट्राशींही एक संबंध आहे. ओडेसा येथील मेच्निकॉफ यांचे एक विद्यार्थी वाल्देमार हाफकिन हे यहुदी असल्यामुळें स्वदेशांत त्यांना पुढें येण्यास वाव नव्हता. ते इ. स. १८८९ मध्यें पाश्चर संस्थेंत आले व प्रथम ग्रंथालयांत साहाय्यक म्हणून राहिले. इ. स. १८९२ मध्यें त्यांनीं पटकीवरील लस स्वतःला टोंचून घेतली आणि पुढच्याच वर्षीं ते हिंदुस्थानांत आले. इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगनें हाहाकार उडविला तेव्हां भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत बसून त्यांनीं प्लेगची लस तयार केली व ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःवर अजमावली. परळ येथील हाफकिन संस्था आज त्यांचेंच नांव धारण करिते. गुरूनें शरीराचे पहारेकरी दाखवून दिले. शिष्यानें शत्रु येण्यापूर्वींच शरीराला सावध करण्याची विद्या आपल्या दारीं आणली.

इकडे युरोपांत मेच्निकॉफ यांच्या मताविरुद्ध मोठें वादळ उठलें होतें. विशेषतः जर्मन पंडितांचें म्हणणें असें कीं, शरीराचें रक्षण पेशी करीत नाहींत. रक्तांतील पातळ द्रव, ज्याला आपण रक्तरस म्हणूं, तोच जंतूंचा नाश करितो. या म्हणण्याला बळकट पुरावा होता. पेशी काढून टाकलेल्या रक्तरसांतही कित्येक जंतु मरतात असें दिसून आलें. इ. स. १८९० मध्यें बेरिंग व त्यांचे जपानी सहकारी कितासातो यांनीं याहून मोठी गोष्ट सिद्ध केली. धनुर्वात व घटसर्प यांचे जंतु एक प्रकारचें विष तयार करितात. तें विष बेताबेतानें टोंचून ज्या प्राण्याला कणखर केलें असेल, त्याच्या रक्तरसांत त्या विषाचा उतारा उत्पन्न होतो, आणि तो रक्तरस दुसऱ्या प्राण्याला टोंचल्यास त्याचेंही रक्षण होतें. घटसर्पानें गळा दाटून मरणारीं मुलें या उपायानें वांचूं लागलीं. पुढें इ. स. १८९४ मध्यें फायफर यांनीं दाखविलें कीं, लस टोंचलेल्या गिनीपिगाच्या पोटांत पटकीचे जंतु सोडले असतां ते कोणत्याही पेशीच्या बाहेरच, नुसत्या द्रवांतच, विरघळून जातात. हा भक्षकपेशींच्या मतावर थेट प्रहार होता.

मेच्निकॉफ यांचा स्वभाव तापट होता. प्रत्येक आक्षेपाला ते नव्या प्रयोगानें उत्तर देत. वैद्यकीय परिषदांतून तासन्‌तास आवेशानें वाद घालीत. तथापि त्यांची एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. त्यांच्याच प्रयोगशाळेंत ज्यूल बोर्दे नांवाचा एक तरुण बेल्जियन संशोधक काम करीत होता. इ. स. १८९५ मध्यें त्यानें रक्तरसाच्या जंतुनाशक शक्तीची फोड करून दाखविली : तींत दोन द्रव्यें असतात, एक उष्णतेनें नाश न पावणारें व विशिष्ट जंतूपुरतेंच, तें लस टोंचल्यानें वाढतें, दुसरें उष्णतेनें नाश पावणारें व सर्वांच्याच रक्तांत असणारें. हा शोध गुरूच्या प्रतिपक्षाला उपकारक होता. तरी मेच्निकॉफ यांच्या छत्राखालींच तो पूर्ण झाला व प्रसिद्धीस आला, आणि बोर्दे यांना पुढें इ. स. १९१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. प्रतिपक्षाचे अग्रणी बेरिंग यांच्याशींही मेच्निकॉफ यांचा स्नेह कायम राहिला. वादांत त्यांनीं माघार घेतली नाहीं, पण सत्याची वाटही अडविली नाहीं.

मग खरें कोणाचें? या प्रश्नाचें उत्तर इ. स. १९०३ मध्यें लंडन येथें ऑल्मरॉथ राइट व डग्लस यांच्या प्रयोगांतून मिळूं लागलें. धुऊन स्वच्छ केलेल्या भक्षकपेशी नुसत्या जंतूंजवळ ठेवल्या तर त्या फारसे जंतु खात नाहींत. परंतु रक्तरस मिसळतांच त्या भराभर खाऊं लागतात. रक्तरसांतील द्रव्यें जंतूच्या अंगाला चिकटतात आणि भक्षकपेशीला तो जंतु पकडणें सुलभ करून देतात. म्हणजे पेशी आणि रक्तरस हे प्रतिस्पर्धी नव्हते. एकाच सैन्यांतील तीं दोन दळें होतीं. वीस वर्षें भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनीं सत्याचा एक एक भाग हातीं धरिला होता. इ. स. १९०८ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक भक्षकपेशींचे पुरस्कर्ते मेच्निकॉफ व रक्तरसाच्या पक्षाचे धुरीण पॉल एर्लिख या दोघांना विभागून देण्यांत आलें, हें सर्वथैव योग्यच झालें.

आजचें शास्त्र या पायावर कशी इमारत उभी करितें तेंही थोडक्यांत पाहूं. आपली त्वचा व श्वासनलिका, आंतडीं इत्यादींचें आंतील ओलें अस्तर ही तटबंदी होय. ती फोडून जंतु आंत शिरला कीं, तेथील भक्षकपेशी प्रथम त्याला ओळखतात. जंतूंच्या अंगावर कांहीं ठराविक खुणा असतात, व त्या ओळखणारीं साधनें या पेशींच्या पृष्ठभागावर असतात. या साधनांचा उलगडा मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. त्यांतील फळमाशीवरील व उंदरांवरील संशोधनाबद्दल हॉफमान व बॉइटलर हे इ. स. २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. शत्रु ओळखतांच या पेशी रासायनिक इशारे देतात. त्यामुळें जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ती जागा लाल व गरम होते. वाहिन्यांतून द्रव पाझरतो, म्हणून सूज येते. आणि त्याच वाटेनें रक्तांतील पांढऱ्या पेशी बाहेर पडून रणांगणाकडे धांवतात. निरोगी मनुष्याच्या एक घन मिलिमीटर रक्तांत या पांढऱ्या पेशी सुमारें ४,००० ते ११,००० असतात, आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिक भक्षकपेशी असतात. लढतां लढतां मेलेल्या पेशी, मेलेले जंतु व पाझरलेला द्रव यांचा मिळून पू बनतो.

ही झाली पहिली फळी. ती तारामाशापासून मनुष्यापर्यंत सर्वांना जन्मतः लाभलेली आहे. ती अपुरी पडली तर दुसरी फळी पुढें येते. ही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपाशींच असते. कांहीं भक्षकपेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिकाग्रंथींत जातात. घसा दुखूं लागला असतां गळ्याला ज्या गांठी हाताला लागतात त्या याच. तेथें लसिकापेशी नांवाच्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील प्रत्येक पेशी एकेक विशिष्ट खूण ओळखणारी असते. जिची खूण जुळते ती पेशी वाढूं लागते व एकीच्या हजारों होतात. त्यांतील कांहीं प्रतिपिंडें तयार करून रक्तांत सोडतात; हीं प्रतिपिंडें विष निकामी करितात आणि जंतूला चिकटून भक्षकपेशीचें काम सोपें करितात. कांहीं पेशी, जंतु ज्यांच्या आंत दडून बसला आहे अशा शरीराच्याच पेशींचा नाश करितात. या तयारीला पहिल्या खेपेस सुमारें एक दोन आठवडे लागतात. परंतु शत्रूचा बीमोड झाल्यावरही कांहीं पेशी त्याची आठवण धरून वर्षानुवर्षें जिवंत राहतात, आणि तोच जंतु पुन्हां आल्यास शरीर त्वरेनें व जोरानें उत्तर देतें. लस टोंचणें म्हणजे प्रत्यक्ष रोग न होऊं देतां ही आठवण शरीरांत निर्माण करणें होय.

हे पहारेकरी सर्वशक्तिमान आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. ज्या क्षयानें मेच्निकॉफ यांची पहिली पत्नी नेली, त्याचा जंतु भक्षकपेशीच्या पोटांत गेल्यावरही मरत नाहीं. तेथेंच तो घर करून राहतो व शरीर क्षीण होतांच डोकें वर काढतो. कांहीं रोगांत पहारेकरीच वाट चुकतात व घरच्या माणसांवर शस्त्र धरितात. सांध्यांचे कित्येक विकार असेच उत्पन्न होतात. म्हणूनच पुरेसें अन्न, स्वच्छता, लस आणि वेळेवर औषधोपचार यांची जोड शरीराच्या शक्तीला द्यावीच लागते.

उतारवयांत मेच्निकॉफ यांनीं वार्धक्याच्या कारणांचा शोध आरंभिला. मोठ्या आंतड्यांतील कुजविणाऱ्या जंतूंमुळें शरीर अकालीं जीर्ण होतें असा त्यांचा कयास होता. दह्यांतील जंतु त्यांना आळा घालतील असें समजून ते स्वतः नित्य आंबविलेलें दूध घेत, आणि त्यांच्यामुळें दह्याची कीर्ति सर्व युरोपभर पसरली. तें मत त्यांनीं मांडिलें तशा स्वरूपांत पुढें टिकलें नाहीं; तथापि आंतड्यांतील जंतूंचा आरोग्याशीं निकट संबंध आहे ही त्यांची दिशा चुकीची नव्हती, असें आजचें संशोधन सांगतें. इ. स. १९१४ मध्यें पहिलें महायुद्ध सुरू झालें. प्रयोगशाळेंतील तरुण रणांगणावर गेले, काम थंडावलें, आणि सारें आयुष्य मनुष्याचे प्राण वांचविण्याच्या विद्येंत घालविलेल्या या वृद्धाचें मन त्या संहारानें पोळून निघालें. हृदयविकारानें अंथरुणास खिळले असतांही ते आपल्या दुखण्याचीं लक्षणें बारकाईनें टिपीत, व मृत्यूनंतर आपला देह तपासावा असें त्यांनीं सहकाऱ्यांना सांगून ठेविलें होतें. इ. स. १९१६ च्या जुलै महिन्यांत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, पॅरिस येथें त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थि पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयांत जतन करून ठेविल्या आहेत.

विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, या चरित्रापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, निरीक्षण लहान म्हणून टाकून देऊं नये. कृमीच्या आंतड्यांत पाहिलेली एक क्षुल्लक गोष्ट सतरा वर्षांनीं तारामाशाच्या अंगांत उपयोगी पडली व तिनें वैद्यकाची दिशा पालटली. दुसरी, आपलें मत निष्ठेनें मांडावें, परंतु प्रतिपक्षाच्या हातीं सत्याचा दुसरा भाग असूं शकतो याचें भान ठेवावें. आणि हें भान आपल्या प्रयोगशाळेचें दार उघडें ठेवून दाखवावें, जसें मेच्निकॉफ यांनीं बोर्दे यांच्यासाठीं ठेविलें. यापुढें बोटांत कुसळ रुतून तें ठणकूं लागेल, तेव्हां तें काढून जागा अवश्य स्वच्छ करावी. पण ती लाली व ती सूज म्हणजे आपल्या हांकेची वाट न पाहतां, आपल्यासाठीं लढावयास आलेल्या असंख्य सेवकांची चाहूल आहे, हें क्षणभर आठवावें.